एक मीटर, दोन स्कूटर

१

नर्स खिडकीपाशी आली तेव्हा हसत होती. परत फिरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नावालाही उरलं नव्हतं.

वाहतूक कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, अनुदान विभाग होता. जो कुणी विजेवर चालणारी गाडी घेईल त्याला सरकार किमतीचा एक भाग परत देणार, अशी योजना. वर्षभर ती रखडत चालली आणि आता मुदतीचे शेवटचे पाच दिवस उरल्यावर लोकांची झुंबड उडाली होती. नर्सने दहा दिवसांपूर्वी पिवळी स्कूटर घेतली होती. आरोग्य केंद्रातलं तिचं काम म्हणजे बाळंतिणींच्या आणि दिवस गेलेल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना तपासणं. एका दिवसात सात-आठ घरं. तीन वर्षं तिने ती पायी आणि बसने केली होती. दुकानदाराने तिला स्कूटर दिली ती अनुदानाच्या भरवशावर. ते आलं नाही तर गाडी परत, असं लिहून घेऊन.

आणि खिडकीतल्या कारकुनाने संगणकात बघून सांगितलं, की तुमच्या मीटरवर अनुदान आधीच दिलेलं आहे. तीन महिन्यांपूर्वी. एका दुचाकीसाठी.

एका वीजमीटरवर एकच अनुदान, हा योजनेचा पहिला नियम होता.

नर्सने शांतपणे सांगितलं, की आमच्या घरात याच्याआधी विजेची गाडी कधीच नव्हती. कारकुनाने मान हलवली. संगणकात मीटरचा नंबर, गाडीचा प्रकार आणि तारीख एवढंच होतं. नाव, फोटो, सही हे सगळं कागदी फाइलीत. फाइली आडनावाप्रमाणे लावलेल्या. रेकॉर्डकीपरने नर्सच्या सासरच्या आडनावाचा अख्खा गठ्ठा दोनदा उपसला. आणि तिसऱ्यांदा साहेबांसमोर.

फाइल नव्हती.

विभागाचे साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त टेबल स्वच्छ लागायचं. एका घरातून दोनदा अर्ज आणि पहिली फाइल गायब, याचा त्यांनी दोन मिनिटांत अर्थ लावला. ही बाई आधी घेऊन बसली आहे, आणि कुणाला तरी हाताशी धरून फाइल लांबवली आहे. अर्ज फेटाळायचा आणि फसवणुकीचा शेरा मारून आरोग्य खात्याला कळवायचं.

"असा शेरा गेला तर तिची नोकरी जाईल," कोपऱ्यातल्या टेबलावरून मीटरबाई म्हणाल्या.

मीटरबाई म्हणजे विभागाच्या पडताळणी अधिकारी. ज्या अर्जाबद्दल शंका येईल त्याच्या घरी जाऊन गाडी खरोखर आहे का ते डोळ्यांनी पाहायचं, हे त्यांचं काम. त्याआधी बावीस वर्षं त्या वीज कंपनीत घरोघर मीटर वाचत फिरल्या होत्या, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण तिथंही ते वाचायला कारकुनाला दोन क्षण लागायचे.

साहेब म्हणाले, की मग तुम्हीच काय ते शोधा. सोमवारी सकाळी मला टेबलावर कागद दिसला पाहिजे.

त्या दिवशी शुक्रवार होता.

२

नर्सचं घर दुमजली, अंगणात एक नळ आणि नळाशेजारी ती पिवळी स्कूटर. वर नर्स राहायची. नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने समुद्रावर. खाली सासू, सासरे आणि धाकटा दीर. दोन्ही मजल्यांना मिळून एकच मीटर, जिन्याखाली.

मीटरबाई कुणालाही काही न विचारता आधी जिन्याखाली वाकल्या. माणसं बोलायची ते बोलतात, मीटर मात्र आकडा लपवत नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. त्यांनी आकडा टिपून घेतला आणि जुनी बिलं मागितली.

घरातली बिलं सासरे सांभाळायचे. एका लांब तारेला खालून वर महिन्यांच्या क्रमाने टोचलेली. मीटरबाईंनी ती एकेक करून उलटली आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी त्यांच्या हाती लागल्या.

पहिली अशी, की गेल्या तीन महिन्यांत घराचा वीजवापर तसूभरही वाढलेला नव्हता. पिवळी स्कूटर आल्यावरच्या दहा दिवसांत काय तो थोडा चढला होता. म्हणजे याआधीची जी कोणती दुचाकी होती ती या घरात एकदाही चार्ज झाली नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी होती. अर्जाला मूळ वीजबिल जोडावं लागतं, नक्कल चालत नाही. आणि तारेवर बरोबर तीन महिन्यांपूर्वीचं बिल नव्हतं. आधीचं होतं, नंतरचं होतं. मधल्या जागी नुसती तार.

नर्स शेजारी उभी राहून बघत होती. तिच्याही लक्षात आलं.

"म्हणजे बाहेरच्या कुणी आमचा नंबर वापरला असं नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही," मीटरबाई म्हणाल्या. "बिल घरातल्याच कुणीतरी काढलंय."

३

खालच्या खोलीत शिवणयंत्राशी सासूबाई बसल्या होत्या. वय बासष्ट, अंगाने बारीक, हात सतत कशात तरी गुंतलेले. मागच्या गल्लीतल्या कापडवाल्यासाठी त्या उशांचे अभ्रे आणि पडदे शिवून द्यायच्या. भिंतीवर शिवणकामाचं जुनं प्रमाणपत्र होतं, त्यावर त्यांचं माहेरचं आडनाव. शेजारी मागच्या वर्षीचा घरच्यांचा फोटो. त्यात सासूबाईंच्या डोक्यावर भलामोठा अंबाडा होता, अगदी शेंड्यावर बांधलेला. आता मात्र मानेवर सैल वेणी होती. मीटरबाईंनी सहज विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या की पिनांनी डोकं दुखायला लागलं, म्हणून सोडला.

गाडीबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. बिलाबद्दलही नाही. घरातून बाहेर पडणं म्हणजे कापडवाल्याकडे माल देणं, आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार नदीपलीकडे धाकट्या बहिणीकडे जाणं. बहीण एकटी असते. त्या म्हणाल्या, "नऊ नंबरची बस धरते. पूल ओलांडला की उतरायचं. वीस मिनिटांत तिच्या दारात."

हे सांगताना त्या यंत्राच्या सुईत दोरा ओवत होत्या. दोरा पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. मीटरबाईंनी चहाचा कप उचलला आणि दुसरीकडे पाहिलं.

सासरे अंगणातल्या बाकावर होते. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचणारा. विजेच्या गाड्यांचं नाव काढल्यावर ते जे सुटले ते थांबेनात. ज्या गाडीला आवाज नाही ती गाडी कसली, तो पंखा झाला. इंजिन तापतं, धडधडतं, ते जिवंत असतं. सुनेने स्कूटर घेतली ती तिच्या कामासाठी, त्यावर त्यांची हरकत नव्हती, पण स्वतःला कुणी फुकट दिली तरी ते हात लावणार नव्हते. मग बोलता बोलता गाडी बसखात्याकडे वळली. नव्या साहेबांना काही कळत नाही, दोन महिने झाले नदीच्या पुलाची डागडुजी चालली आहे, जड गाड्या बंद, आठ नंबर, नऊ नंबर, सगळ्या बस अलीकडे गिरणीपाशीच फिरवतात, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पुढे मैलभर चालायचं का? पुलावरून काय ते सायकली आणि स्कूटरच जातात.

हे सगळं मीटरबाईंनी ऐकलं, पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. सासरे हातवारे करायला पुढे झुकले आणि ज्या गादीवर ते बसले होते तिच्याखालून एक चकचकीत पुस्तिका खाली घसरली. विजेवर चालणाऱ्या वाहनांची. पानापानावर पेनाने खुणा केलेल्या.

सासऱ्यांनी ती पायानेच बाकाखाली सारली आणि आकाशाकडे बघत म्हणाले, की आज उकडतंय.

४

उरला धाकटा दीर. तिशीचा, छापखान्यात कामाला, गप्पिष्ट. गेले तीन महिने तो आठवड्यातून तीनदा दोन तास उशिरा येतो, छापखान्यात जादा काम असतं म्हणून, असं नर्सनेच सांगितलं होतं. मीटरबाई शनिवारी सकाळी छापखान्यात गेल्या. मालकाने टाइपांच्या खोक्यांवरून चष्मा वर केला आणि सांगितलं, की जादा काम मिळालं असतं तर देवच पावला असता. वर्षभरात कुणाला पाच मिनिटं जास्त थांबवलेलं नाही.

दीर नेमका त्या वेळी चहाला बाहेर पडला होता. मीटरबाईंना पाहून त्याने वाट बदलली. त्यांनीही वाट बदलली. बावीस वर्षं कुत्री असलेल्या घरांची मीटरं वाचलेल्या बाईला चुकवणं सोपं नव्हतं. तलावाच्या कोपऱ्यावर त्याला गाठून त्यांनी सरळ विचारलं, की स्कूटर कुठं आहे.

"कसली स्कूटर?" तो खरोखरच गोंधळला. मग त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने पिशवी उघडून दाखवली. आत ओला टॉवेल होता आणि डोळ्यांवर घालायचा रबरी चष्मा. तो पोहायला शिकत होता. मोठ्या भावाची बोट, समुद्र, सगळं लहानपणापासून ऐकत आलेला, आणि स्वतः मात्र गुडघाभर पाण्यात उतरायला घाबरायचा. तलावावर मोठ्यांसाठी वेगळा वर्गच नव्हता, म्हणून तो पाच-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहायचा. "माझ्यापुढची मुलगी पाच वर्षांची आहे. ती मला धीर देते," तो म्हणाला. घरी कळलं तर वडील आयुष्यभर टोमणे मारतील, एवढीच त्याची भीती.

मीटरबाईंनी शब्द दिला की हे त्यांच्या अहवालात येणार नाही.

मग त्या बस डेपोत गेल्या. सासरे रोज सकाळी जुन्या मित्रांना भेटायला तिथं जातात, असं घरात सगळे म्हणत. मित्र कुठं दिसले नाहीत. शेडच्या टोकाला मात्र तीन नव्याकोऱ्या बस उभ्या होत्या, पांढऱ्या, विजेवर चालणाऱ्या, अजून रस्त्यावर न आलेल्या. मधल्या बसच्या चालकाच्या खुर्चीत सासरे बसले होते. दोन्ही हात चाकावर. गाडी जागची हलत नव्हती, पण ते आरशात बघत होते, वळण घेत होते, थांब्यावर थांबत होते. शेजारी उभ्या असलेल्या तरुण चालकाला ते विचारत होते, की ब्रेक दाबला की वीज परत बॅटरीत जाते म्हणतात, ते खरं का?

मीटरबाई खांबामागे थांबल्या आणि मग आल्या पावली मागे फिरल्या. पुस्तिकेचा उलगडा झाला होता. म्हातारा प्रेमात पडला होता आणि कबूल करायला लाजत होता, बस्स. स्कूटरशी त्याचा काडीचा संबंध नव्हता; ज्याला स्वतःची विजेची गाडी आहे तो डेपोत येऊन उभ्या गाडीचं चाक फिरवत बसत नाही.

आता घरात संशय घ्यायला दोनच माणसं उरली होती. एक सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कधी काही चालवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आणि दुसरी नर्स स्वतः. साहेब म्हणत होते ती.

५

रविवारी सकाळी मीटरबाई आपल्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. हात चालू असले की त्यांचं डोकं चालायचं.

नर्सला दोन गाड्या कशाला लागतील? आणि एक असती तर तिने तीन महिने चालत घरं केली नसती. तिच्या चपलांच्या टाचा झिजून तिरप्या झालेल्या मीटरबाईंनी पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या.

मग सासूबाई. शुक्रवारी ऐकलेली दोन वाक्यं त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली. नऊ नंबरने पूल ओलांडते, वीस मिनिटांत दारात, हे सासूबाईंचं. आणि दोन महिने झाले, पुलावरून एकही बस जात नाही, सायकली आणि स्कूटरच जातात, हे सासऱ्यांचं. नवराबायको एका घरात, एका गादीवर बसून, आणि हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलेलं नाही.

मीटरबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. गिरणीपासून पुढे मैलभर चालायचं तर बासष्टाव्या वर्षी वीस मिनिटांत दारात कोण पोचेल?

आणि तो अंबाडा. डोक्याच्या शेंड्यावर बांधलेला अंबाडा बाई कधी सोडते? पिना टोचतात म्हणून चाळीस वर्षांनी सोडत नाही. डोक्यावर काहीतरी घालायचं असेल, घट्ट, गोल, हनुवटीखाली पट्टा लावायचं, आणि अंबाडा त्यात मावत नसेल, तर सोडते.

राहता राहिली फाइल. कोण चोरणार ती? सासूबाई कचेरीत येऊन, रेकॉर्डखोलीत शिरून? मीटरबाईंना हसू आलं. मग त्यांनी भिंतीवरचं ते शिवणकामाचं प्रमाणपत्र आठवलं, आणि हसू थांबलं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी त्या रेकॉर्डकीपरला घेऊन खोलीत गेल्या. त्याने सवयीने सासरच्या आडनावाचा गठ्ठा पुढे ओढला. मीटरबाईंनी तो बाजूला सारला आणि चार खण पलीकडच्या अक्षराचा मागितला. वरून सहावी फाइल. त्यांनी पुठ्ठा उघडला, आतला फोटो पाहिला आणि रेकॉर्डकीपरला म्हणाल्या, की साहेबांना सांग, आज मी उशिरा येईन.

फाइल चोरीला गेलीच नव्हती. ती आपल्या जागी तीन महिने निमूट बसली होती.

६

खालच्या खोलीत सगळे जमले. सासरे खुर्चीत, दीर दाराशी, नर्स कामाच्या कपड्यांत उभी. सासूबाई यंत्राशी, पण यंत्र बंद होतं.

मीटरबाईंनी आधी फाइल कशी सापडली ते सांगितलं. लग्नानंतर कागदपत्रांवरचं आडनाव बदलायचं राहून गेलं की ते राहूनच जातं. शाळेचा दाखला माहेरच्या आडनावाचा, म्हणून वाहन चालवायचा परवानाही त्याच आडनावाचा, म्हणून अर्जही. सगळे सासरच्या अक्षराखाली शोधत राहिले, आणि बाई माहेरच्या अक्षराखाली होती.

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं, मग फाइलीकडे, मग पुन्हा बायकोकडे, जणू दोघींपैकी एक कुणीतरी अनोळखी होती.

सासूबाईंनी खिशातून रुमाल काढला. त्याच्या गाठीत किल्ली होती. ती त्यांनी नर्सच्या हातावर ठेवली आणि बोलायला लागल्या ते थांबून थांबून. लहानपणी शाळेत त्या सायकलने जायच्या. पुढे लग्न झालं, नवरा चालक. कुठं जायचं म्हटलं की तो घेऊन जायचा, नाहीतर बस होतीच. चाळीस वर्षं त्यांनी हातात हँडल धरलं नाही. मागच्या वर्षी कापडवाल्याची मुलगी विजेची स्कूटर शिकत होती, तिच्यामागे बसल्या, आणि मग पुढे बसल्या. शिवणाचे साठवलेले पैसे होते. गाडी कापडवाल्याच्या गोदामात ठेवायच्या. तिथं वीज नाही, म्हणून बहिणीकडे गेलं की तिच्या व्हरांड्यात प्लग लावायचा. एका मीटरवर एकच, हे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं, फॉर्मही त्यानेच भरला. शुक्रवारी कळलं, तेव्हापासून घास उतरत नव्हता.

"ही घे," त्या सुनेला म्हणाल्या. "तुझी परत द्यावी लागली तर ही वापर. माझी काय, हौस होती, फिटली."

नर्सने किल्लीकडे पाहिलं. "आई, तुम्ही जाता तरी कुठं?"

"मावशीकडे."

"दर वेळी?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "तिच्याकडे जाते. मग ती प्लग लावते, चहा करते. मग गाडी भरली की मी धरणाच्या रस्त्याने जाते, आणि परत येते."

"तिथं काय आहे?"

"काही नाही. नुसती जाते आणि येते."

नर्सने किल्ली पुन्हा रुमालात गुंडाळली आणि सासूबाईंच्या खिशात सरकवली. सासरे आता बोलले, आणि त्यांचा तो मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या खुर्चीपर्यंतही नीट पोचला नाही. गाडी घेतली याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं ज्याने शेकडो पोरांना गाडी शिकवली, त्याला घरातून कुणी विचारू नये?

"तुम्ही शिकवली असती हो," सासूबाई म्हणाल्या. "चांगलीच शिकवली असती. पण मग मी तुमची गाडी चालवली असती. मला माझी चालवायची होती."

सासरे उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

दिराने खाकरून सांगितलं, की आता विषय निघालाच आहे तर मलाही एक सांगायचंय. पण ते ऐकायला मीटरबाई थांबल्या नाहीत. त्यांना कचेरीत एक जुना कागद शोधायचा होता.

७

कचेरीत सगळे जण फॉर्मवरून काम करायचे. फॉर्मवर छापलं होतं, घराचा वीजमीटर क्रमांक. पण फॉर्म कुणीतरी मूळ आदेशावरून बनवला असणार, आणि तो मूळ आदेश वर्षभरात कुणी उघडल्याचं मीटरबाईंनी पाहिलं नव्हतं. तो निघाला साहेबांच्याच कपाटात, पंख्याचा खोका ठेवला होता त्याच्याखाली. चौदा पानं. नवव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की ज्या मीटरवरून वाहन नियमित चार्ज होते, त्या मीटरवर एक अनुदान. अर्जात चुकीचा मीटर नोंदला गेल्यास पडताळणी अधिकाऱ्याच्या अहवालावरून दुरुस्ती करता येईल.

त्यांनी ते पान साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणजे पहिलं अनुदान बहिणीच्या मीटरवर गेलं की घराचा मीटर मोकळा? मोकळा. म्हणजे दुसरं देता येतं? येतं. आणि टेबलावर किती कागद राहतात? एकही नाही. साहेबांचा चेहरा उजळला. फसवणुकीच्या शेऱ्याचा मसुदा त्यांनी स्वतःच्या हातांनी फाडला आणि टोपलीत टाकला. फक्त एवढंच म्हणाले, की बहिणीच्या घरी जाऊन मीटर बघून या. मुदत उद्या संपते.

मंगळवारी सकाळी मीटरबाई घरी पोचल्या तेव्हा सासूबाईंनी गोदामातून स्कूटर अंगणात आणून उभी केली होती, पहिल्यांदाच, राजरोस. निळी होती. तिच्याभोवती सासरे फिरत होते. काल दुपारी ते परत आले होते ते एक नवं हेल्मेट घेऊन, स्वतःच्या मापाचं. ते का आणलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही. आता ते बायकोला समजावत होते, की ब्रेक दाबला की वीज परत बॅटरीत जाते, म्हणून उतारावर लवकर सोडू नकोस. सासूबाई हूं हूं करत होत्या. हे त्यांना तीन महिन्यांपासून माहीत होतं.

नर्स पिवळ्या स्कूटरवर पिशवी अडकवून सगळ्यांच्या आधी निघाली. सकाळच्या वाटेवर तिची तीन घरं होती आणि एक बाळ पाच दिवसांचं.

मीटरबाईंना नदीपलीकडे जायचं तर बस गिरणीपर्यंतच होती. सासूबाईंनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. बावीस वर्षं उन्हातान्हात पायी मीटर वाचलेल्या बाईंनी क्षणभर विचार केला, सासऱ्यांचं नवं हेल्मेट उसनं घेतलं आणि मागे बसल्या.

गाडी निघाली ती कळलीच नाही. गल्ली मागे पडली, बाजार मागे पडला. पुलावर कामगार फावडी टाकून बाजूला झाले आणि एकाने सासूबाईंना ओळखीचा हात केला. नदीवरून वारा आला. पलीकडे उतरल्यावर बहिणीचं घर, व्हरांड्यात प्लग, मीटरचा आकडा, तीन महिन्यांची बिलं. महिन्याला बावीस-तेवीस युनिटं जास्त, अगदी काटेकोर. बहिणीने चहा केला. मीटरबाईंनी सगळं टिपून घेतलं, सही घेतली. अकरा वाजले होते. परत निघायला हवं होतं.

सासूबाईंनी गाडी फिरवली. कोपऱ्यावर पूल डावीकडे होता. उजवीकडचा रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना झाडं, टोकाला धरणाची भिंत दिसायची.

त्यांनी मान जराशी मागे वळवली. "बाई, घाई आहे का हो?"

संध्याकाळी साहेबांनी अहवालावर सही केली, पिवळ्या स्कूटरचं अनुदान मंजूर केलं आणि कागद टेबलावरून हलवला. हलवताना त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. पडताळणीस लागलेला वेळ, तीन तास. विलंबाचे कारण, या रकान्यात मीटरबाईंनी आपल्या नेहमीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: वाहन लांबच्या रस्त्यावर नीट चालते की नाही, याची खात्री करून घेतली. चालते.